तोंड मिटून बसलेला मासा

वन्सं आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दोन ट्रंका होत्या आणि काचेची एक टाकी. ट्रंका कुठेही मावल्या. टाकीला मात्र भक्कम जमीन, जवळ प्लग आणि ऊन न येणारी भिंत हवी होती, आणि अशी भिंत घरात एकच होती, माझ्या शिवणाच्या खोलीतली. तिथे माझं मशीन, कापायचं टेबल, इस्त्री आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. टाकी आत आली आणि एक खुर्ची बाहेर गेली.

टाकीत मासे दोनच. चंदेरी अंगावर काळे उभे पट्टे, त्यावर पांढरे ठिपके, आणि पंख इतके लांब की बघितल्याबरोबर मी मनात कापडाचा अंदाज घेऊ लागले. हे खाऱ्या पाण्यातले मासे. वन्संच्या यजमानांनी आयुष्यभर हीच जात पाळली होती. यांच्यात मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. अंडी फुटल्यावरही पिल्लं जरा मोठी होईपर्यंत तोंडातच ठेवतो, आणि तोवर स्वतः काही खात नाही. यजमानांच्या नराने अंडी तोंडात घेतली पुष्कळदा, पण दर वेळी मधेच गिळून टाकली. कधी दार आपटलं म्हणून, कधी उगाचच. आजारपणात यजमान अंथरुणावरून विचारायचे, "आहेत का अजून?" आणि वन्संना "नाहीत" म्हणावं लागायचं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मोजा रफू करता करता, मान खाली घालून.

एका सकाळी त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि मला टाकीपाशी नेलं. नराची हनुवटी फुगली होती. त्याने तोंड जरासं उघडलं तेव्हा आत नारिंगी मण्यांचा घोस दिसला. त्यानंतर दोनच दिवसांत मादी तळाशी मरून पडलेली सापडली. "म्हातारी झाली होती," वन्सं म्हणाल्या, आणि तिला जाळीने काढून बाहेर घेऊन गेल्या. ही जात आता येत नाही, असं शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे यजमानांच्या माशांपैकी जे काही उरलं होतं ते त्या एका तोंडात होतं.

आणि नेमकी तेव्हाच माझ्याकडे बँडपथकाच्या कोटांची ऑर्डर होती. लाल कापड, जाड अस्तर, खांद्यावर झालर, पुढे पितळी बटणांच्या दोन रांगा. असलं कापड मशीनखाली सरकवायचं म्हणजे मशीन गुरगुरतं. मी पायडल मारलं की टाकीतल्या पाण्यावर बारीक लाटा उठत आणि नर दचकून कोपऱ्यात जाई. वन्सं नुसत्या टाकीच्या काचेवर तळहात ठेवून उभ्या राहत, जणू ती थरथर हातानेच थांबणार होती. मग बसत, मग उठत, मग खिडकी लावून घेत. माझी शिवण वाकडी जायला लागली.

"वन्सं, मशीनचा त्रास होत असेल तर तसं सांगा ना," मी एकदा म्हटलंच.

"मी काय सांगणार? घर तुझं, काम तुझं."

हे मला लागलं. त्यांनी भांडण केलं असतं तर परवडलं असतं. त्या दुपारी मी कोटांच्या कापडाच्या चिंध्या गोळा केल्या, त्यांच्या चार जाड गाद्या शिवल्या आणि मशीनच्या पायांखाली सारल्या. लाटा कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मग अस्तरं मी हातानेच टाचायला घेतली. बोटांना घट्टे पडले आणि कोट मागे पडत चालले.

घर आमचं मोठ्याने बोलणाऱ्यांचं. त्या दिवसांत सगळे चोरपावलांनी वावरायला लागलो. भांडी फडक्यात गुंडाळून ठेवायची, खुर्ची ओढायची नाही, उचलायची. आमच्या ह्यांना शिंक आली की ते धावत अंगणात जात. "ताई, तुझं आणि ह्या माशाचं बरं जमतं," ते बहिणीला कुजबुजत म्हणाले, "दोघंही एकदा तोंड मिटलं की मिटलं." वन्संना हसू आलं, पण त्यांची नजर टाकीवरून हलली नाही.

मधेच बँडमास्तर कोट बघायला आले. त्यांचा आवाज म्हणजे मैदानावरचाच. दारातूनच त्यांनी कोटांची चौकशी केली, तशी मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी नजरेने पाळणा शोधला, खाट शोधली, आणि शेवटी मी बोट दाखवलं तिकडे वाकून पाहिलं.

"आजारी आहे का ही?" त्यांनी कुजबुजत विचारलं. त्यांचं कुजबुजणं म्हणजे आपलं साधं बोलणं.

"बाळंतपण आहे," मी म्हटलं.

"हिचं?"

"ह्याचं."

मास्तरांनी पुन्हा एकदा वाकून पाहिलं. मग कोटांबद्दल एक शब्द न बोलता चवड्यांवर चालत गेले, आणि त्यांचे बूट नेहमीपेक्षा जास्तच कुरकुरले.

नर रोज वाळत होता. पाठ धारदार झाली, पोट आत गेलं, डोळे मोठे दिसू लागले. वन्संनी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, अजून थांबलात तर बापही जाईल आणि पिल्लंही. जाळीत धरा, खालचा जबडा हलकेच उघडा, पिल्लं आपोआप बाहेर पडतील. वन्संना ते पटेना. घाबरला तर गिळेल, त्या म्हणाल्या, आजवर तसंच झालंय. यजमान असते तर थांबले असते.

"थांबून थांबून त्यांच्या हाती काय आलं, ताई?" हे म्हणाले.

ह्यांना बोलून झाल्यावर पस्तावा झाला असावा, कारण ते उगाच इस्त्रीची वायर गुंडाळत बसले. वन्सं उठल्या. त्यांनी जाळी घेतली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. नराने जाळी पाहिली. तो मागे मागे सरकला, काचेला टेकला, आणि त्याच्या गळ्याशी काहीतरी हललं. वन्संनी हात बाहेर काढला. बाहीतून पाणी गळत होतं, तशाच त्या उभ्या राहिल्या. हनुवटी अजून फुगलेली आहे की नाही हे ठरवायला आम्ही तिघं काचेला नाक लावून किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. होती. जाळी मग कुणी घेतली नाही.

मी एका कोटाच्या खांद्याला झालर लावत होते तेव्हा टाकीत काळा ठिपका हलला. मला वाटलं, दोऱ्याचा तुकडा. मग दुसरा हलला. नर तोंड उघडत होता, मिटत होता, आणि दर वेळी त्यातून एखादं पिल्लू बाहेर उडत होतं. हुबेहूब बापासारखं, पट्ट्यांसकट, तांदळाच्या दाण्याएवढं. मी वन्संना हाक मारली ती अशी घोगरी निघाली की त्या पळतच आल्या. तोवर नर एका पिल्लाकडे वळला होता आणि त्याची नजर मला काही बरी वाटली नाही.

"अहो, हा तर खायला निघाला."

"त्याला काय कळतंय? तोंडाबाहेर पडलं की ते खाणंच," वन्सं म्हणाल्या आणि प्लॅस्टिकच्या मगाने पिल्लं पाण्यासकट उचलायला लागल्या. त्यांना शोधणं आणि उचलणं एकदम जमेना, म्हणून तो मग मी हातात घेतला आणि त्या दाखवत गेल्या, हे, ते, तिकडचं.

पिल्लांसाठी त्यांनी छोटी टाकी तयार ठेवली होती. समुद्रात ही पिल्लं लांब काळ्या काट्यांच्या एका गोळ्यासारख्या प्राण्याच्या आडोशाला राहतात. तो कुठून मिळणार? वन्संनी तसा गोळा स्वतः शिवला होता. बाटल्या धुवायच्या ब्रशाचे काळे नायलॉनचे केस कापडाच्या गोळ्यात एकेक करून टाचलेले, टाका इतका बारीक की मला हेवा वाटला. पिल्लं सरळ त्या काट्यांत शिरली आणि तोंडं बाहेर काढून बसली. वन्संनी उबवून ठेवलेली, डोळ्यांना धड न दिसणारी कोळंबी त्यांच्यापुढे सोडली. ती पाण्यात नाचताना नारिंगी धुरळ्यासारखी दिसते. पिल्लं हलणारं तेवढंच खातात.

दुसऱ्या सकाळी धुरळा नाचत नव्हता. तळाशी बसला होता. वन्संनी नवीन सोडला, तोही बघता बघता खाली बसला. पिल्लं काट्यांतून बाहेर आली होती आणि त्यांच्या कल्ल्यांची उघडझाप फार भराभर चालली होती. वन्सं पाणी हुंगत होत्या, हवेची नळी तपासत होत्या, टाकीभोवती फेऱ्या मारत होत्या. "माझ्याच हाताला यश नाही," असं काहीतरी पुटपुटत होत्या.

मी त्या गोळ्याकडे बघत होते. खालच्या बाजूला, टाक्यांच्या कडेने, कापडाला हिरवट डाग पडला होता. तो डाग मी ओळखते. बँडवाल्यांचे जुने कोट दुरुस्तीला येतात तेव्हा घामाने बटणांखाली अस्सा डाग पडलेला असतो.

"वन्सं, हा गोळा बुडावा म्हणून आत काय घातलंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या डब्यातली बटणं," त्या म्हणाल्या. "चारपाचच घेतली. आधीच माझ्यापायी तुझं मशीन बंद, आणखी काय मागायचं म्हणून विचारलं नाही."

पितळ खाऱ्या पाण्यात उतरत होतं, आणि पिल्लांना ते विषच. मी गोळा उचलून बाहेर काढला. मग आम्ही दोघींनी मोठ्या टाकीतलं पाणी छोट्या टाकीत आणायला सुरुवात केली. एकीने नळीने जुनं ओढायचं, नळीच्या तोंडाला माझी मलमल बांधलेली, आणि दुसरीने नवीन काठाकाठाने सोडायचं. पुन्हा ओढायचं, पुन्हा सोडायचं. काही पिल्लं आडवी झाली ती झालीच. वन्सं ती चमच्याने काढून एका बशीत ठेवत होत्या आणि मी बशीकडे बघत नव्हते. मधे मी गोळा उसवला, बटणं काढली, कापड फेकलं, आणि धुतलेले नायलॉनचे केस नायलॉनच्याच दोऱ्याने एका गुळगुळीत गोट्याला बांधून पाण्यात सोडले. बांधणी ओबडधोबड होती. वन्सं नुसत्या "चालेल" म्हणाल्या.

मग नवीन धुरळा सोडला. तो खाली उतरला, आणि परत वर आला. नाचायला लागला. पिल्लं हलेनात. मला बसवेना, मी इस्त्री लावली, बंद केली, बॉबिन भरायला घेतलं आणि दोरा तुटला.

"अगं, इकडे ये," वन्सं म्हणाल्या.

एक पिल्लू काट्यांतून पुढे आलं होतं. त्याने मान वाकडी केली, थांबलं, आणि चटकन एक कण टिपला. मग आणखी एक. ती पिल्लं इतकी पातळ की आतलं दिसतं. बघता बघता त्याच्या पोटात नारिंगी टिकली उमटली. मग शेजारच्याच्या. मग मागच्याच्या.

वन्संनी बोटाने मोजायला सुरुवात केली. पिल्लं एका जागी राहीनात, त्यांचं मोजणं परत परत चुकत होतं, आणि त्या परत परत पहिल्यापासून सुरू करत होत्या.