आज आठ

साथ ऐन भरात असताना कचेरीत रोज अकरा वाजता मृत्यू-निश्चिती समिती बसायची. निश्चिती मृत्यूची नव्हे, आकड्याची. मेलेली माणसं बिचारी आधीच निश्चित मेलेली असत.

समितीत तिघं. साहेब, साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे डॉक्टर, ज्यांना सगळी कचेरी पाठीमागे होयबा म्हणायची, आणि फॉर्म वाचून दाखवायला नोंदणीच्या बाई. बाईंना मत नव्हतं, पण दाखल्यावर सही त्यांचीच लागायची.

नियम मोठा अक्कलहुशारीचा होता. तपासणीचा अहवाल फाइलीत असेल तरच मृत्यू साथीचा. अहवाल यायला चार दिवस लागत, फाइल मात्र मृत्यूच्याच दिवशी बंद व्हायची आणि पुन्हा उघडायची नाही. म्हणजे माणसाने आधी रांग लावून तपासून घ्यावं, चार दिवस कळ काढावी आणि मग सवडीने मरावं. एवढी शिस्त लोकांना कुठून असणार? उरलेले सगळे ‘हृदय बंद पडून’ या रकान्यात जात. ते खोटंही नव्हतं. हृदय सगळ्यांचंच बंद पडलेलं असायचं.

त्या दिवशी स्मशानातून एकतीस चिठ्ठ्या आल्या होत्या. आदल्या दिवशी साथीचे नऊ कळवले होते.

“आज आठ,” साहेब चहा ढवळत म्हणाले. “साथ उतरतेय.”

“उतरतेयच,” होयबा म्हणाले.

बाराव्या फॉर्मवर बाई अडखळल्या. शिंपी, वय बावन्न. पत्ता त्यांच्या थोरल्या बहिणीच्या इमारतीचा, ताईच्या समोरचंच दार. साथीच्या यादीत नाव लागलं तरच कचेरीची माणसं जाऊन मजला बंद करत, शेजाऱ्यांना तपासत. आणि ताईला दमा होता.

“साहेब, हा साथीत घ्यायला हवा. पाच दिवस ताप होता, शेवटी श्वास लागला.”

“अहवाल?”

“परवा येईल.”

“मग परवा मरायचं होतं,” साहेब म्हणाले. होयबा हसले.

“माझी बहीण समोर राहते, साहेब.”

“बाई, प्रत्येकाची कोणी ना कोणी बहीण कुठेतरी राहते. आठ झालेत.”

बाईंनी राग गिळला. एकवीस वर्षांच्या नोकरीत तेवढं एक काम त्यांना उत्तम जमायला लागलं होतं. ताईला फोन करून सांगू, आपल्या माणसापुरतं बघू, असं म्हणत त्यांनी सही ठोकली. इमारतीत आणखीही माणसं राहतात, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

दाखला शिंप्याचा भाऊ बारालाच घेऊन गेला. आकडा वर कळवून, साथ उतरल्याचं पत्रक टाइप करून बाई मोकळ्या झाल्या तेव्हा तीन वाजले होते. ताईने फोन उचलायला बराच वेळ लावला.

“अगं, हात ओले होते. शिंप्याकडे आलेय. त्याच्या बायकोला धीर द्यायला कोणी नाही गं.”

“ताई, तू आधी तिथून बाहेर पड.”

“का? सकाळी मीही दार लावूनच बसले होते. मग भावाने दाखला दाखवला. हृदय बंद पडून, खाली तुझी सही. म्हटलं, धाकटीने लिहिलंय, मग भ्यायचं काय? जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. सात-आठ जणी आल्यात आता, पोरंसोरं घेऊन. मी त्याच्या चादरी धुवायला घेतल्यात.”



“ताई, ते खोटं आहे,” बाई म्हणाल्या. “साथीनेच गेलाय तो. मला माहीत होतं.”

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला. मग ताईने फोन हातात तसाच धरून आतल्या बायकांना हाक दिली.

“बायांनो, पोरांना घेऊन घरी जा, दारं लावून घ्या. याला साथच होती. माझी बहीण खोटं बोलली.”

खुर्च्या सरकल्या, कोणाचं तरी मूल रडायला लागलं, जिन्यात चपला वाजल्या. बाई सगळं ऐकत राहिल्या.

“आणि तू?” त्यांनी विचारलं.

“मी आता कुठे जाऊ?” ताई म्हणाली. “निम्म्या धुऊन झाल्यात.”