उर्स्युलची सुलटी अक्षरं

बार्नाबे काकांनी नकाशाचा किनारा कोरून संपवला की उर्स्युलची पाळी. खाड्यांची नावं, खडकांची नावं, पाण्याच्या खोलीचे आकडे. अख्ख्या पॅरिसात तिच्याइतकी रेखीव उलटी अक्षरं छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर कोरणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी तिने तांब्याचा पत्रा पुढ्यात ओढला आणि शेजारी पॅसिफिकातून आलेलं, कप्तानाने काढलेलं बेटाचं चित्र ठेवलं. दोन्ही अगदी एकसारखी दिसत होती. पत्र्यावरचं बेट उलटं हवं, तरच कागदावर ते सुलटं उमटणार. काकांनी पाच आठवडे खपून ते चित्राबरहुकूम कोरून ठेवलं होतं. म्हणजे छापलं की बंदराचं तोंड पश्चिमेऐवजी पूर्वेला, थेट खडकांत.

काकांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "बेचाळीस वर्षं कोरतोय मी! असली चूक करतं का कुणी?"

"शिकाऊ करतात," उर्स्युल म्हणाली. "आणि तुम्ही."

बुधवारी दुपारी बारा प्रती ब्रेस्टच्या गाडीत चढायच्या होत्या. तिथे दोन जहाजं वाऱ्याची वाट बघत उभी होती. नकाशा गेला नाही, तर ती त्या बेटाकडे अंदाजाने जाणार. आणि नौदलाचं काम काकांच्या हातून कायमचं जाणार.

"सांगून टाकू, म्हातारा चळला म्हणून," काका पुटपुटले.

"गप्प बसा हो! ओल्या छापावर दुसरा ओलसर कागद ठेवून पुन्हा दाबला तर?"

काकांनी डोळे बारीक केले. "त्यावर बेट सुलटं येईल. जरा फिकं, पण येईल. तुझ्या अक्षरांचं काय पण?"

"ती मी सुलटी कोरते. लिहिता येतं की मला!"

येत होतं, पण कागदावर. छिन्नी हातात आली की वीस वर्षांची सवय आडवी यायची आणि अक्षर आपोआप उलटं पडायचं. तिने हाताला यथेच्छ शिव्या घातल्या, टाकाऊ पत्र्यावर दिवसभर गिरवलं, आणि मंगळवारी उजाडताच खऱ्या पत्र्याला हात घातला. एकतीस नावं. एकही चुकलं नाही. रात्री दोघांनी दोनदा दाबून बारा प्रती काढल्या.

बुधवारी नौदलाचे तपासनीस मोस्ये रुवरे आले. त्यांनी प्रत कप्तानाच्या चित्राशी ताडून पाहिली, अंतरं मोजली, मान डोलावली. मग म्हणाले, "पत्रा बघू."

पत्रा हातात घेऊन ते सहज वाचायला लागले आणि थबकले. "अहो, हा तर वाचता येतोय!"

उर्स्युल काही बोलायच्या आत काका उठले. "चूक माझी, साहेब. बेट मी चुकवलं. माझ्या पुतणीने दोन दिवसांत वाचवलं."

रुवरेंनी पत्रा खाली ठेवला आणि प्रत पुन्हा उचलली. बंदराच्या तोंडावर त्यांनी बोट ठेवलं.

"जहाजावर पत्रा जात नाही, मास्तर, कागद जातो," ते म्हणाले. "आणि कागद बरोबर आहे. पुढचं बेट शुक्रवारी पाठवतो. किनारा कोरण्याआधी या बाईंना दाखवत जा."

"दाखवतो की!" काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

नकाशांची गुंडाळी उर्स्युलने स्वतः गाडीवानाच्या हातात दिली. गाडी ब्रेस्टच्या दिशेने वळली तेव्हा तिला नाचावंसं वाटलं, आणि शाईने माखलेल्या हातांनी घागरा उचलून ती भर रस्त्यात नाचलीच.