सातव्या प्रकरणातला खोकला

“सातव्या प्रकरणात तुम्ही खोकलायत,” प्रकाशक फोनवर म्हणाले. “मग ‘पुन्हा’ म्हणून तेच वाक्य वाचलंय. लोकांच्या फोनवर फुकट फिरतंय ते हे! विकायच्या प्रतीत खोकला नाही. म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग फुटलं. ते होतं रेकॉर्डिस्टकडे. उद्यापासून तो नको मला.”

ऑडिओबुकं वाचून ती बारा वर्षं पोट भरत होती. चुकलं की ‘पुन्हा’ म्हणायचं आणि वाक्य पहिल्यापासून धरायचं. चुका, खोकले रेकॉर्डिस्ट मागाहून कापून टाकायचा. पण कच्चं रेकॉर्डिंग ती गुपचूप घरी आणायची. बाबांसाठी. बाबांची नजर गेली होती, आणि पुस्तक विकायला येईपर्यंत थांबायचा धीर त्याच्याही आधी.

बाबांना ते फोनवर लावून द्यायचा भाऊ. ती तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“दादा, बाबांच्या फोनमधलं पुस्तक कुणाला पाठवलंस?”

“ऑफिसच्या ग्रुपवर. का गं? साहेबांच्या मिसेस रडल्या म्हणे ऐकून.”

“विकत घेऊन रडल्या असत्या तर मलाही काही मिळालं असतं.”

“अगं, कौतुकानं पाठवलं! बहिणीचं नाव व्हावं म्हणून.”

“झालं नाव. त्याची नोकरी गेली.”

“कुणाची?”

“बारा वर्षं माझा खोकला झाकतोय, त्याची.”

दादा जागच्या जागी चुळबुळला. मग आवाज उतरवून म्हणाला, “तू गप्प बस. कुणाला कळणारे?”

ती स्वयंपाकघरात गेली. नंबर लावला. रिंग वाजताच कापला.

पुन्हा.

स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवला, विझवला. नंबर लावला. “बोला,” प्रकाशक म्हणाले. “काही नाही. चुकून लागला.”

पुन्हा.

नंबर लावला.

“ते माझ्या घरातून गेलंय. मीच आणलं होतं. त्याला काढू नका.”



“मग पुढचं पुस्तक तुमच्याकडे, बाई...” प्रकाशकांनी वाक्य निम्म्यावर सोडलं.

“कळलं,” ती म्हणाली.

बाबांच्या खोलीत तिचाच आवाज चालू होता. सातवं प्रकरण. ती पेला घेऊन दारात थांबली. वाक्य निम्म्यावर आलं, अडखळलं, आणि खोकला आला.

“पाणी पी गं,” बाबा फोनला म्हणाले, रोज म्हणायचे तसंच.

ती दारातच पाणी प्यायली.