चिंध्या गुंडाळलेली घुंगरं

विट्याच्या पुढच्या उजाड माळावर उमा आणि तिचे वडील पहाटेपासून छकड्यात बसून होते, आणि माळढोक काही जवळ येऊ देत नव्हता.

वडील म्हणजे सांगलीच्या हायस्कुलातले ड्रॉइंग मास्तर गोपाळकृष्ण. घरीदारी सगळे त्यांना तात्या म्हणत. कृष्णाकाठापासून इथवरच्या मुलखातले सगळे पक्षी त्यांनी रंगवले होते, राहिला होता तो हा एकटा. नोकरी होती तेव्हा सवड नव्हती, पेन्शन झाली तर डोळ्यांत काचबिंदू उतरला. दात आहेत तर चणे नाहीत, म्हणतात ते हेच. डॉक्टरांनी उमाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दिवाळीचे दिवे यांना दिसतील असं वाटत नाही. आणि दसरा तर तोंडावर आला होता.

बरं, माणूस हट्टी. डोळ्यांनी पाहिलं नाही ते कागदावर उतरवायचं नाही, हा बाणा. कुणी माळढोकाचं वर्णन सांगू लागलं की तात्या कानांवर हात ठेवत. "ऐकीव पाखरू मी काढत नाही," म्हणत. उमाला याचं कौतुकही वाटे आणि रागही येई. डोळे असे भराभर चाललेले असताना एवढं सोवळं कशाला पाळायचं?

छकडा कृष्णातचा. तो तात्यांचा जुना विद्यार्थी, लढाई संपल्यावर इटलीहून नुकताच परतलेला. मास्तरांवर त्याचा जीव. निघतानाच त्याने बैलांच्या घुंगरमाळांना चिंध्या गुंडाळून टाकल्या. दुश्मनाच्या अंगावर आम्ही असेच गुपचूप जायचो, असं तो अभिमानाने सांगत होता. तात्यांनी त्याची पाठ थोपटली. उमालाही ते पटलं.

दिवसभरात पक्षी दोनदा दिसला, तोही उमाला. कुसळीच्या गवतावर उंच पांढरी मान तेवढी. गाडी त्या अंगाला वळली रे वळली की मान ताठ व्हायची आणि तात्यांची नजर तिथवर पोचायच्या आत पक्षी उडून जायचा. कृष्णात बुचकळ्यात पडला. तो लहान असताना शेणखताच्या गाडीशेजारी ही पाखरं खुशाल चरत असत, आता त्यांना काय झालं कोण जाणे, म्हणाला.

दुपारी तात्यांनी भाकरीला हात लावला नाही. जन्मात देवाकडे काही न मागितलेला हा माणूस हात जोडून रेवणसिद्धाला नवस बोलू लागला.

दिवस बुडाला. आता परतायचं. अंधारात समोरच्या गाडीवानाला चाहूल लागावी म्हणून कृष्णातने चिंध्या सोडल्या. घुंगरं वाजू लागली, बैलांनी घराच्या ओढीनं पाय उचलला. ओढ्याच्या वळणावर चाकोरीलगत माळढोक उभा होता. गाडी जवळ आली तरी तो हलला नाही.

कृष्णातचा चेहरा उतरला. "घुंगरं त्येच्या वळखीची हायती, मास्तर," तो हलकेच म्हणाला. "मुक्या गाडीलाच भीत हुतं पाखरू दिसभर. म्या घात केला."

त्याने बैल थांबवले नाहीत, घुंगरं थांबली असती. पक्षी उजव्या हाताला ठेवून तो गाडी संथ फिरवत राहिला.

"तात्या, उजवीकडे," उमा म्हणाली. "अगदी जवळ आहे."

तात्या वळले. डोळे ताणून पाहू लागले. उमाने त्यांची हनुवटी धरून तोंड नीट पक्ष्याकडे केलं. तिला संधिप्रकाशात अजून सगळं दिसत होतं.

"कुठं गं?" ते म्हणाले. "मला नुसता काळोख दिसतोय."

गाडीने एक फेरा पुरा केला. तात्यांनी चाचपडत उमाचं मनगट गाठलं आणि घट्ट धरलं.

"सांग."

"तात्या, तुम्ही तर..."

"मानेपासून सांग. डोक्यावर रंग कोणता आहे? छातीवर काय दिसतंय? लवकर सांग, उमा. तू सांगशील तसा मी काढीन."

उमाने पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. तिने पदराने पुसले, ते पुन्हा भरले. पक्षी तिथंच उभा होता आणि तिला त्याची मान कुठली, गवत कुठलं, काही कळेना. कृष्णातने गाडी तिसऱ्यांदा फिरवली. तात्या तिचा हात ओढून ओढून विचारत राहिले आणि तिला एक अक्षर सांगता येईना.