पाठीवर फुगणारं जाकीट

माझ्या भाचीचं, ऋजुताचं लग्न समुद्राच्या तळाशी होतं. मालवणच्या धक्क्याच्या पायऱ्या उतरून सगळं वऱ्हाड चालत खाली गेलं. म्हाताऱ्या आत्या गेल्या, आचारी कढया घेऊन गेले. मी मात्र पाण्यात शिरलो की बुचासारखा वर येत होतो. मुलीच्या मामाला हे शोभत नाही. नवऱ्याकडची माणसं खालून माझे तळवे बघत होती, आणि एक बाई बोट दाखवून शेजारणीला काहीतरी सांगत होती.

मी ओलाचिंब वर आलो. धक्क्यावर रोहिणी तारी यांचं पाणबुड्यांच्या सामानाचं दुकान होतं. बाई दारात कोलंबी सोलत बसल्या होत्या.

"कमरेक शिसा बांधा, काय बुडतलास," त्या म्हणाल्या. "पण मगे मंडपार आदळतलास. तोल सांभाळूक जाकीट होया. खयचा जाकीट देव तुमका?"

"कोणकोणती आहेत?"

"ह्या पुढसून फुगता. पोटार, कुशीत. पाण्यार इलास तरी तोंड वर रवता. पण फुगला काय सगळ्यांका दिसता." मग त्यांनी दुसरं काढलं. "ह्या पाठीर फुगता. पुढसून कोणाक कळणा नाय. पण पाण्यार तोंड खाली जाता."

"हवा कुठून भरायची?"

"हवा नाय ओ. जाकिटात लाज भरता. तुमका लाज वाटली काय आपोआप फुगता. कमी करूची तर बोलान टाकूची, मोठ्यान."

एवढं साधं आपल्याला ठाऊक नव्हतं असं दिसू नये म्हणून मी मान डोलावली. दोन्ही जाकिटं किंचित फुगली. बाईंनी ते पाहिलं आणि पुन्हा कोलंबीला लागल्या.

पुढून फुगणारं मी घालून पाहिलं. जरीच्या कोटावर ते लगेच तट्ट झालं. फोटोत असं पोट घेऊन भाचीच्या मागे उभं राहायचं? छे. मी पाठीवरचं घेतलं. आरशात मी चांगला रुबाबदार दिसत होतो, आणि लग्नात मामाची पाठ बघायला कोण येतं?

कमरेला शिसं बांधून, बाईंनी दिलेली श्वासाची नळी तोंडात धरून मी उतरलो. सुरुवातीला सगळं झकास जमलं. मंडप दिसला, केळीचे खुंट दिसले, सनईवाले गाल फुगवून बसलेले दिसले. माझी बहीण सुलभाताई वर बघत होती. मला पाहून तिने कपाळावर हात मारला. माझं जाकीट फुगलं आणि मी सरळ वर जाऊन पाण्यावर पालथा पडलो.

गुरुजींचा आवाज बुडबुड्यांतून वर येत होता. प्रत्येक बुडबुडा माझ्या कानाशी फुटून तेच म्हणत होता.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

तुला बोहल्यावर मीच नेणार, असं मी ऋजुताला ती फ्रॉकात होती तेव्हापासून सांगत आलो होतो. आता मी हातपाय मारत होतो आणि जागचा हलत नव्हतो. तोंड खाली असल्यामुळे दिसत मात्र सगळं होतं.

ती एकटीच चालत आली. तिच्या मागची जागा कुणीतरी भरायला गेलं, तर तिने हाताने अडवलं. मग तिने वर पाहिलं आणि हसली. "ये ना मामा," एवढंच म्हणाली. रागावली असती तर परवडलं असतं. जाकीट एवढं फुगलं की पट्टे छातीत रुतले.

धक्क्यावरून बाई ओरडल्या, "बोलान टाका ओ, बोलान टाका."

बोलायचं तर तोंडातली नळी काढावी लागणार होती. सांगायचं होतं ते काही अवघड नव्हतं. मला खाली येता येत नाही, आणि मला फार लाज वाटते आहे. पण नवऱ्याकडची माणसं ऐकणार होती. त्यांचं लक्ष दुसरीकडे जाईपर्यंत थांबावं म्हणून मी थांबलो. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली, तरी ती माणसं माझ्याकडेच बघत होती. पट्टे आणखी आवळले.

शेवटचं मंगलाष्टक संपत आलं तेव्हा मी नळी काढली आणि तोंड उघडलं. गुरुजी सावधान म्हणाले, आणि खाली सगळ्यांनी उधळलेल्या अक्षता माझ्या उघड्या तोंडाकडे वर येऊ लागल्या.