शेवटच्या तारखेचा ओटीपी

अंगणवाडी कार्यकर्तीचा फॉर्म भरायची ती शेवटची तारीख होती. पाचला साईट बंद होणार होती, आणि त्याच आठवड्यात अंजूला पस्तीस पुरी होत होती. पुढच्या भरतीत तिचं नावच बसणार नव्हतं. लग्नाआधी बारावी झालेली अंजू इतकी वर्षं याच एका नोकरीवर डोळा ठेवून होती.

बालाघाटला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात हिरालालनं सगळं भरून दिलं. मग म्हणाला, "भाभी, ओटीपी बताओ."

घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. गजेंद्र भरवेलीच्या खाणीत पाळीवर होता. हिरालालच्या फोनवरून तिनं दहादा लावून पाहिलं. खाली खाणीत कुठली रेंज!

"मैं गेट पे जाती हूँ भैया. उनके फोन से लगाऊँगी, तब नया भेजना."

ऑटो सवाऱ्या भरेपर्यंत हलेना. अर्धी वाट चालत, अर्धी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत करून ती पोचली, तेव्हा पाळी सुटली होती. गजेंद्र टपरीवर सोबत्यांत चहा पीत बसला होता.

"काहून आली? घरी काही झालं का?"

"नाही जी. फोन द्या. ओटीपी पायजे, दहाच मिनिटं उरली."

कोणीतरी हसलं. "गजेंद्र, मॅडम आली बे तुही!"

गजेंद्रनं ओठ आवळले. "घरी चाल. इथं तमाशा नको करू."

बाकावरचा फोन तिनं झडप घालून उचलला. पण त्याला पॅटर्न होता. तिनं बोट फिरवलं. चुकलं. पुन्हा चुकलं. तेवढ्यात, वेळ संपत आली म्हणून हिरालालचाच फोन आला.

"भाभी, भेज दिया, देखो."

मेसेज आल्याचं दिसत होतं, आत काय आहे ते दिसत नव्हतं.

"उघडा जी. पाया पडतो तुमच्या." आणि ती खरंच धुळीत बसली, सगळ्यांसमोर त्याचे पाय धरले.

एक म्हातारा खाणकामगार ओरडला, "दे ना बे, बाई रडून राह्यली!"

गजेंद्रनं फोन हिसकावला, दोनदा घड्याळाकडे पाहिलं, सावकाश उघडला, हिरालालला आकडे वाचून दाखवले. ते जुने झाले होते. हिरालालनं नवे मागवले. ते यायच्या आत त्याचा आवाज आला, "बंद हो गई भाभी."

"पुढच्या साली भरू," गजेंद्र खाली पाहत म्हणाला.

"पुढच्या साली माही उमर नाही राहत."

हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. तिनं सांगितलं होतं, चारदा. त्यानं मोटरसायकल काढली. ती मागे बसली, कारण घरी जायला दुसरं काही नव्हतं. रस्ताभर तो काहीबाही समजावत राहिला, आणि अंजू तोंडात पदराचा बोळा कोंबून रडत राहिली.