वेदवतीनं परत धाडलेलं इंजिन

भावानं न विचारता पाठवलेलं इंजिन वेदवतीनं टेम्पोतून उतरूच दिलं नाही.

कुंभकोणमच्या पॉलिटेक्निकात सव्वीस वर्षं तिनं इंजिनं शिकवली होती, तीही बहुतेक मधोमध कापून मांडून ठेवलेली. निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये चौकोनी पाइप स्वतः वेल्ड करून तिनं दोन माणसांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार उभी करायला घेतली. सांगाडा झाला, चाकं लागली. इंजिन तेवढं राहिलं होतं, आणि ते मोटरसायकलचंच बसवायचं हे ठरवून तिनं एक आणूनही ठेवलं होतं.

थोरला भाऊ जानकीराम याचं बसगाड्यांचं वर्कशॉप होतं. तिथं त्याचा शब्द कुणी मोडत नसे. टेम्पो भरलेलाच परत आला तसा तो तडक तिच्या दारात उभा राहिला.

"तुजसाठी डिझेल इंजिन शोधून आणलों, आणि तू धाडून देतेस?"

"माझ्या गाडीला ते नको, अण्णा."

"फटफटीच्या इंजिनावर कार चालते काय? शिकवणं वेगळं, वेदू. मी चाळीस वर्षं हात काळे केलों."

"तर मग वजन करू."

तिरुनागेश्वरमच्या रस्त्यावरल्या भातगिरणीत पोत्यांच्या काट्यावर दोन्ही इंजिनं चढली. डिझेलचं गिअरबॉक्ससकट एकशे अठ्ठ्याहत्तर किलो भरलं. तिचं चौसष्ट, गिअरबॉक्स पोटातच.

"माझा सगळा सांगाडा दोनशे दहा किलोचा," वेदवती म्हणाली. "तुझं इंजिन पेलायला पाइप जाड हवेत, मग ब्रेक मोठे, मग टायर मोठे. शेवटी तुझी बस होईल."

"फटफटीचं जागचं हलणार नाही, बघ."

महिन्याभरानं गिरणीच्या भात वाळवायच्या अंगणात तिनं गाडी आणली. क्लच सोडला की इंजिन बंद. चार वेळा तसंच झालं. हमाल तोंड फिरवून हसले. जानकीराम एवढंच म्हणाला, "सांगलों होतों." वेदवतीचे कान तापले. पण दोष तिला कळला होता. गाडी मोटरसायकलपेक्षा जड, आणि मागचं स्प्रॉकेट, चेन फिरते ते दातेरी चाक, तिनं मोटरसायकलचंच ठेवलं होतं.

ओढ वाढावी म्हणून आठ दात जास्त असलेलं स्प्रॉकेट तिनं बसवलं. आधी एकटीनं चालवून बघ, असं भाचीनं, शरण्यानं सुचवलं. वेदवतीनं ऐकलं नाही. तेच अंगण, तेच हमाल, आणि अण्णालाही फोन करून बोलावलं.

क्लच सुटला आणि गाडी बाणासारखी निघाली. अंगणाच्या टोकाला तिनं ती अशी वळवली की कोंड्याचा लोट उठला. तीन फेऱ्या मारून ती भावापुढं येऊन थांबली.

जानकीराम वाकून चेन बघत राहिला. मग हात पुढं करून म्हणाला, "ऊठ. मी चालवून बघतों."

"नाही," वेदवती म्हणाली. "बाजूला बस."

अडुसष्ट वर्षांचा जानकीराम क्षणभर घुटमळला. मग नेसलेली वेष्टी गुडघ्यापर्यंत खोचून, पाइपावरून एकेक पाय आत टाकत बहिणीशेजारी बसला.